टाकीबद्दल तुम्ही बोलला नाहीत, नाना

तुम्ही गेलात तेव्हा मी पहूरला एका स्लॅबवर उभी होते. फोन आला, "नाना गेले." मी "बरं" म्हणाले आणि फोन खिशात टाकला. मिक्सर सुरू होता, निम्मा स्लॅब ओतून झाला होता आणि काँक्रीट मध्येच सोडून जायचं नसतं. सोडलं तर तिथे सांधा पडतो आणि पुढे आयुष्यभर पाणी तिथूनच झिरपतं. हे मला तुम्हीच शिकवलंत. तेव्हा मी अंत्ययात्रेला आले नाही याचा दोष मला देऊ नका.

काम संपलं, मजुरांनी घमेली धुतली, मी गाडीत येऊन बसले. रडू आलं नाही, राग आला. भांडण अर्धं टाकून माणूस असा उठून जातो का?

इंजिनिअरांच्या असोसिएशनच्या जळगाव शाखेची मी आता सेक्रेटरी आहे, म्हणून तुमच्यावर लिहायचं माझ्याकडे आलं. "तुमचे गुरू होते ना, तुम्हीच लिहा," असं सगळे म्हणाले. तुमचा जन्म कुठला, तुम्ही कुठली पदं भूषवली, किती पिढ्या घडवल्या हे दुसरं कोणी लिहील, लिहिणारे रांगेत उभे आहेत. मी तुमच्या-माझ्यातलं तेवढं लिहिते. ते गोड नाही.

आम्ही सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला होतो. तुम्ही आम्हाला स्ट्रक्चर शिकवायचात आणि असोसिएशनच्या याच जिल्हा शाखेचे अध्यक्षही होतात. एका तासाला तुम्ही खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, सगळ्यांनी विद्यार्थी सदस्य व्हायचं. मी असोद्याहून रोज एसटीनं येणारी, केळीवाल्याची मुलगी. उभी राहिले.

"सर, सदस्य झालं की नोकरी मिळते?"

"नाही."

"मार्क वाढतात?"

"कमी होतील. कामं लागतील मागे."

"मग कशाला व्हायचं?"

तुम्ही चष्मा काढून शर्टाला पुसलात. "साइटवर एक दिवस तुला असं काही दिसेल, जे पुस्तकात नाही. तेव्हा विचारशील कोणाला? मला? मी मेलेलो असेन."

वर्ग हसला. मी सदस्य झाले ती तुम्हाला खोटं पाडायला.

पहिल्याच कार्यक्रमात तुम्ही मुलींना रांगोळी काढायला लावलीत आणि पुष्पगुच्छ देऊन स्टेजच्या पायरीपाशी उभं केलंत. मुलगे प्रश्न विचारत होते, आम्ही गुच्छ धरून उभ्या. घरी जाऊन सांगितलं तर आबा ताटावरून म्हणाले, "पोरगी हार घालाले नाही पाठवली मी कॉलेजात. सांग तुह्या सरले." मी सांगितलं. तुमच्या केबिनच्या दारात उभी राहून म्हणाले, "सर, मी गुच्छ धरणार नाही. मला बोलायचंय."

"कशावर?"

कशावर ते मी ठरवलंच नव्हतं. तोंडाला आलं ते सांगितलं, "आमच्या गावातल्या घरांच्या भिंतींना भेगा पडतात, त्यावर."

"बोल. धुळ्याला विद्यार्थी अधिवेशन आहे."

तुम्ही माफी मागितली नाहीत, समजावलं नाहीत, सरळ काम दिलंत. पुढचे कित्येक आठवडे कॉलेज सुटल्यावर मला थांबवून घेतलंत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यावर उभं घर हलतं, एवढं साधं मला नीट मांडता येत नव्हतं. तुम्ही पानं परत करायचात. "हे वाक्य कोणासाठी आहे? मलाच कळत नाही." मी पुन्हा लिहायची. इंग्रजीत लिहायची माझी भीती त्या केबिनमध्ये गेली, नाना. तिथेच तुमची भीतीही गेली. ते तुम्हाला नंतर महागात पडलं.

धुळ्याच्या सभागृहात मी बोलले, चांगली बोलले. शेवटी पहिल्या रांगेतून हात वर झाला. तुमचाच.

"भेग वाढतेय, हे कशावरून म्हणतेस?"

"दिसतं ना, सर."

"कोणाला दिसतं? तुला की तुझ्या आईला?"

सगळं सभागृह हसलं. दुसऱ्या कॉलेजांची पोरं, बाहेरून आलेले मोठे इंजिनिअर, सगळे. मी माईक धरून उभी. तुम्ही हसला नाहीत, पण खालीही बसला नाहीत. उत्तराची वाट पाहत उभे राहिलात.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीला तोंड लावून रडत होते. पारोळा मागे पडल्यावर तुम्ही पलीकडच्या सीटवरून वाकलात. चिडलात किंवा जवळ आलात की तुमच्या तोंडी साक्रीकडची अहिराणी यायची. त्या दिवशी यातलं काय होतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"कसाले रडस? बठ्ठा हासनात म्हनीसन? उत्तर नव्हतं तुन्हाकडे. आते उत्तर शोध."

आणि तुम्ही झोपलात. जळगाव येईपर्यंत चांगले घोरत होतात.

उत्तर मला तुमच्याकडून मिळालं नाही. त्याच सभागृहात मागच्या रांगेत सुती साडीतल्या एक बाई होत्या, धुळ्याच्या भारतीताई, स्वतःचं ऑफिस चालवणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअर. चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं होतं. "भेगेवर आडवी काचेची बारीक पट्टी प्लॅस्टरनं चिकटव. शेजारी तारीख टाक. भेग हलली तर काच तडकेल. मग कोणाच्या बापाला विचारायला नको." त्या सुट्टीत मी असोद्यातल्या घराघरांत काचा चिकटवत फिरले. बायका विचारायच्या, दृष्ट लागू नये म्हणून आहे का गं हे? पावसाळ्यात काचा तडकल्या. पुढच्या अधिवेशनात मी त्या तडकलेल्या काचा घेऊन बोलले. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. "ठीक. पुढचा वक्ता," एवढंच म्हणालात.

तुमच्या शोकसभेत पोरं म्हणाली, नानांनी आम्हाला असोसिएशनमधून खूप दिलं. खरं आहे, दिलंत. तापीवरच्या पुलाचं काम चालू असताना तुम्ही आम्हाला खांबाच्या पायाच्या खड्ड्यात उतरवलंत, गुडघाभर चिखलात. धुळ्याचा धनंजय मला तिथेच भेटला. आज तो बांधकाम साहित्य तपासायची लॅब चालवतो आणि माझा सगळ्यात भरवशाचा मित्र आहे. डिग्री झाल्यावर मुलाखतीला बोलावलं भारतीताईंनी, त्याच काचांच्या जोरावर. नोकरी मिळत नाही म्हणाला होतात, तेही खोटं निघालं. कॅम्पसला माझ्याहून हुशार मुली होत्या. त्या कोणाला ओळखत नव्हत्या आणि त्यांना कोणी ओळखत नव्हतं. चार वर्षं वर्ग आणि हॉस्टेल एवढंच पाहिलेल्या. त्यातल्या दोघी आज घरी बसून आहेत. माझ्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच की तुम्ही मला चारचौघांत उभं केलंत आणि चारचौघांत पाडलंत.

हे सगळं मी मान्य करते. म्हणूनच पुढचं मला पचत नाही.

भारतीताईंकडे शिकून मी जळगावात स्वतःचं ऑफिस टाकलं. यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात पाण्याची नवी उंच टाकी उभी राहिली होती. ग्रामपंचायतीला बांधकामाबद्दल शंका आली आणि तपासणीला मला बोलावलं. टाकीच्या सावलीत अंगणवाडी होती. पोरं खाली खेळत होती. मी एका खांबावर हातोडी मारली तर गिलाव्यातून पोकळ आवाज आला. गिलावा उडवला. आत काँक्रीट नव्हतं, मोकळी खडी होती, बोटानं निघत होती. पुढच्या खांबाला तेच.

मी अहवालात लिहिलं, ही टाकी भरू नये.

गावातल्या बायका डोंगरातल्या झिऱ्यावरून पाणी आणत होत्या. सरपंचबाई मला टाकीखाली घेऊन गेल्या. "मॅडम, तुम्ही जाल जळगावला. मी या बायांना काय सांगू? टाकी आहे पण पाणी नाही?" त्यांच्या मागे बायका हंडे घेऊन उभ्या होत्या आणि माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू टाकी मीच बिघडवली.

टाकी बांधणारा ठेकेदार तुमचा लाडका विद्यार्थी होता. असोसिएशनच्या नव्या हॉलचं कामही तोच करून देत होता, देणगी म्हणून. तुमचा फोन आला.

"अहवाल पाठवलास?"

"हो नाना."

"'भरू नये' हा शब्द टोकाचा आहे. 'देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानं भरावी' असं लिही. त्यालाही वाट राहील."

"नाना, खडी हातानं निघतेय."

"तू ऐकतेस की नाही?"

"खाली अंगणवाडी आहे."

तुम्ही फोन ठेवलात.

त्यानंतर नोटीस आली. सहव्यावसायिकाची बदनामी केल्याबद्दल माझं सदस्यत्व निलंबित. खाली तुमची सही. ती सही मी शंभर पानांवर पाहिली होती, माझ्या पहिल्या प्रमाणपत्रावरही होती. जळगाव लहान गाव आहे. बातमी फिरली. ज्यांची कामं हातात होती त्यांनी, मॅडम, जरा थांबू, म्हणायला सुरुवात केली. ठेकेदारानं दुसऱ्या कोणाकडून टाकी ठीक असल्याचा कागद आणला आणि भरायचा दिवस ठरला. आबांनी विचारलं, "तुह्या सरनं असं काहून केलं वं?" आबांना तुम्ही आवडायचात, नाना. मी गुच्छ धरायला नकार दिला तेव्हा तुम्ही ऐकलं होतं, हे ते गावभर सांगायचे.

मी मोडले नाही. त्याचं श्रेय तुम्हाला देताना मी दात-ओठ खाते. मी धुळ्याला भारतीताईंकडे गेले. त्यांनी चहा टाकला आणि म्हणाल्या, "रडून झालं असेल तर ऐक. आपल्या घटनेत कलम आहे, सदस्यांनी मागणी केली तर विशेष सभा घ्यावीच लागते. अध्यक्षाला नाही म्हणता येत नाही."

ते कलम तुम्हीच घालून घेतलं होतंत, तरुण होतात तेव्हा. तुमच्या वेळचे जुने अध्यक्ष मनमानी करायचे म्हणून.

भारतीताईंनी फोन फिरवले. माझ्याबरोबर चिखलात उतरलेली पोरं आता जागोजागी इंजिनिअर झाली होती. कोणी पाटबंधाऱ्यात, कोणी नाशकात, कोणी पुण्यात. सह्या आल्या. धनंजय रविवारी त्याचं मशीन टेम्पोत घालून यावलच्या त्या गावात आला. बरोबर आमच्याच बॅचचे आणखी काही जण. ग्रामपंचायतीनं ठराव दिला होता, ठेकेदाराची माणसं आडवी आली तेव्हा सरपंचबाई पायरीवर बसल्या आणि उठल्याच नाहीत. धनंजयनं खांबांतून गोल नमुने कापून काढले. एक नमुना अख्खा निघेना. मशीनमधून बाहेर येतानाच त्याचे तुकडे झाले. मग एका बाईनं ते तुकडे पदरात घेतले, बाकीच्या बायकांना दाखवायला.

एकट्या पोरीच्या अहवालाला बदनामी म्हणता येतं. डझनभर इंजिनिअर सही करून उभे राहिले की त्याला तसं म्हणता येत नाही.

विशेष सभेत धनंजयनं त्यातलाच एक नमुना तुमच्या टेबलावर ठेवला. पांढऱ्या टेबलक्लॉथवर वाळू सांडली. तुम्ही बोटानं ती वाळू गोळा केलीत, चोळून पाहिलीत, जशी वर्गात दाखवायचात तशी. आणि म्हणालात, "निलंबन रद्द. विषय संपला. चहा सांगा."

टाकी पाडली. नव्या टाकीचं पाणी आलं तेव्हा सरपंचबाईंनी मला नारळ फोडायला बोलावलं. कोणाला खरचटलंही नाही. पेपरात बातमीही आली नाही, कारण काही घडलंच नव्हतं.

पण त्या दिवशी सभा संपल्यावर जिन्यात मी तुम्हाला गाठलं होतं. आठवतं?

"नाना, तुम्ही माझा अहवाल वाचला होतात का?"

तुम्ही कठड्याला धरून उभे होतात. "वाचला होता."

"पूर्ण?"

"फोटोंसकट."

"मग सही का केलीत?"

"तू घरी जा, मनीषा."

एवढंच. तुम्ही वाचलाच नव्हता असं म्हणाला असतात तर मी तुम्हाला म्हातारे झालात म्हणून सोडून दिलं असतं. तुम्ही वाचला होता. तुम्हाला कळलं होतं. ज्या माणसानं मला धुळ्याच्या सभागृहात "कशावरून" म्हणून विचारलं, त्याच्यासमोर मी या वेळी सगळं पुराव्यानिशी ठेवलं होतं, आणि त्यानं सही केली.

त्यानंतरची वर्षं मी तुमच्याशी नुसती भांडले. प्रत्येक बैठकीत. तुमच्याविरुद्ध अध्यक्षपदाला उभी राहिले आणि पडले. तुम्ही दारोदार जाऊन माझ्याविरुद्ध मतं मागितलीत. "हुशार शे, पन तोंड चालस तिन्हं," असं सांगत फिरलात म्हणे. नंतर सेक्रेटरी झाले तेव्हा पहिला ठराव आणला की तपासणीचा खरा अहवाल दिल्याबद्दल कोणत्याही सदस्यावर कारवाई होणार नाही. तुम्ही बाजूनं हात वर केलात. माझ्याकडे न बघता. मला वाटलं, आता बोलाल. तुम्ही पुढचा विषय घ्या म्हणालात.

बाकीचे मला समजवायचे. हॉल अर्धवट राहिला असता म्हणून केलं असेल. त्या पोराला मुलासारखं मानत होते म्हणून केलं असेल. थकले होते. असेल, नाना. पण हे सगळं मला दुसऱ्यांनी सांगितलं. मला तुमच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. खोटं चाललं असतं. मी ते पकडलं असतं आणि आपण पुढे भांडलो असतो.

आणखी एक. भारतीताईंनी मला पुढे कधीतरी सांगितलं की धुळ्याच्या त्या अधिवेशनाला त्या येणार नव्हत्या. तुम्ही फोन करून बोलावलंत. "एक असोद्याची पोरगी आहे, ऐकून जा" म्हणालात. हे कळलं त्या दिवशी मला तुमचा जास्तच राग आला. मला बुडवणारा हात तुमचा आणि मला बाहेर काढणारी माणसं तुम्हीच जोडलेली. माणसानं एक काहीतरी व्हावं. तुमच्यावर धड प्रेम करता येत नाही आणि धड तोडताही येत नाही.

दसव्याच्या आधी मी तुमच्या घरी गेले. तुमच्या पत्नी, आमच्या अक्का, पलंगावर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी बाजूला जागा केली. "तुन्हासंगे भांडीसन उनात का त्या दिन जेवण चांगलं जाये त्यासले," म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मी विचारलं, "अक्का, टाकीबद्दल कधी काही बोलले का?" त्यांनी मान हलवली. "नाव काढं का उठीसन बाहेर जायेत. ओट्यावर बसेत." मग माझा हात हातात धरून त्या बराच वेळ बसल्या. माझा राग त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून मी तो हात सैल ठेवला.

आजारी पडायच्या आधी तुम्ही शेवटचा फोन केलात तो दुसऱ्या वर्षाच्या नव्या मुलांसाठी. कॉलेजात दरवर्षी तुम्हीच त्यांना सदस्य व्हा म्हणून सांगायचात. या वर्षी म्हणालात, "तू बोल. माझा आवाज पुरत नाही."

मी म्हणाले, "मी टाकीची गोष्ट सांगेन. नावासकट."

"सांग."

"तुम्ही पुढे बसा."

"बसतो," म्हणालात. मी दिवस मोजत होते, नाना. तुमच्या डोळ्यांत बघून सांगायचं होतं. तुम्ही तेवढं थांबला नाहीत.

कार्यक्रम काल झाला. मुलंमुली खच्चून भरली होती, मागे उभी होती. मी काचा सांगितल्या, चिखल सांगितला, टाकी सांगितली. खांबातली खडी, फोन, नोटीस, सही. तुमचं नाव घेतलं. आवाज कुठेही कापला नाही. मग दुसऱ्या वर्षाची एक मुलगी उठली, चोपड्याची, बोलण्यावरून कळत होतं. "मॅडम, तुमच्याच अध्यक्षांनी तुम्हाला काढलं. मग आम्ही या असोसिएशनमध्ये कशाला यायचं?"

मी म्हणाले, "काढणारा एक होता. माझ्यासाठी रविवारी मशीन घेऊन आलेले बरेच होते. ते सगळे मला विद्यार्थी सदस्य असताना भेटले. तू आज एकटी आहेस. एकटीनं 'भरू नये' लिहिलंस तर तुला गप्प करतील. म्हणून यायचं. आणि तुझा अध्यक्ष चुकला तर त्याला सभेत उभं करायला यायचं."

ती बसली नाही. "ते सर आता कुठे आहेत?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. मी म्हणाले, "गेले. आत्ताच, काही दिवसांपूर्वी."

आणि मग, कोणी सांगितलं नव्हतं, ती मुलगी खाली मान घालून तशीच उभी राहिली. तिच्या शेजारचा उठला. मग रांगच्या रांग. खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले आणि थांबले. ज्यांनी तुम्हाला एकदाही पाहिलं नव्हतं, ज्यांना मी आत्ताच तुमचं वाईट सांगितलं होतं, ती सगळी पोरं तुमच्यासाठी उभी होती. मला भयंकर राग आला, नाना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याचाही राग आला. तुम्हाला किती सहज मिळालं हे.

मी माईक जवळ ओढला.

"बसा," मी म्हणाले. "बसा सगळे. माझं अजून बोलून व्हायचंय."